बर्फातला बांध

आज बारा जानेवारी. सकाळपासून फावड्याला नवा दांडा बसवतेय. जुना काल मधोमध चिरला. नवं फावडं दुकानात तयार मिळतं, आणि आमच्या घरातल्या माणसांचं ते मला दोनदा सांगून झालं. पण ह्या फावड्याचं पातं ब्रॅम्प्टनचं आहे, कॅनडातलं. रुंद, निळं, खाली पोलादी पट्टी ठोकलेलं. बाबांनी ते इकडे अमेरिकेत, नोव्हायला येताना गाडीच्या टपावर बांधून आणलं होतं, आणि सरहद्दीच्या पुलावरच्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, की मिशिगनमध्ये फावडी मिळत नाहीत असं वाटलं का तुम्हाला? बाबा म्हणाले होते, "हे सवयीचं आहे." स्क्रू आवळताना मला त्या फावड्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम आठवलं. ते लिहून ठेवते.

मी पाच वर्षांची असताना आम्ही पुण्याहून ब्रॅम्प्टनला गेलो आणि चौदा वर्षांची असताना तिथून नोव्हायला आलो. बाबांना गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं होतं. तीन-चार तासांचा रस्ता, मध्ये एक पूल. मला वाटलं होतं, काय बदलणार आहे? भाषा तीच, थंडी तीच, दुकानंही अर्धी तीच. बदललं ते सगळं बारीक बारीक होतं, आणि बारीक गोष्टींनीच आईला जास्त त्रास झाला. ब्रॅम्प्टनला दूध पिशवीतून यायचं, पुण्यासारखंच. आई पिशव्या कापायची, धुवायची, नळाच्या वर वाळत घालायची आणि त्यांत कढीपत्ता ठेवायची. नोव्हायला दुधाचा प्लास्टिकचा हंडा यायचा, एका हाताने उचलता येऊ नये असा, आणि तो रिकामा झाला की नुसता फेकायचा. शाळेत कॅनडासारखं 'वॉशरूम' म्हटलं की मुलं हसायची. थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरात नसून नोव्हेंबरच्या शेवटी होतं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बुटांसकट थेट स्वयंपाकघरात गेला. ब्रॅम्प्टनला असं कधी घडलं नव्हतं. तिथे वीजवालासुद्धा दारात बूट काढून फाटक्या मोज्यांनी आत यायचा. आईने त्या दिवशी दोनदा फरशी पुसली.

घर मात्र आम्ही शेजार बघून घेतलं होतं. शेजारी नीलाकाकू आणि सुधीरकाका. त्यांना अमेरिकेत बावीस वर्षं झाली होती. बाबा म्हणाले, बाजूला मराठी घर आहे, तुझी आई एकटी पडणार नाही. आईला ते हवंच होतं, कारण बाबांच्या कामाच्या परवान्यावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नव्हती. ब्रॅम्प्टनला ती लायब्ररीत होती, गळ्यात ओळखपत्र घालून सकाळी सव्वाआठला निघायची. इथे तिने सव्वाआठला काय करायचं, हा प्रश्न पहिले दोन महिने आमच्या घरात सगळ्यात मोठा होता, पण तो कुणी मोठ्याने विचारला नाही.

नीलाकाकू चहाला यायच्या. बूट घालून, बैठकीच्या खोलीपर्यंत. "अगं शैला, अजून काय हे कॅनडासारखं! इथे कुणी नाही काढत." आई म्हणाली, आज बाहेर उणे दहा आहे, की त्या खळखळून हसायच्या. "चौदा म्हण, चौदा! इथे फॅरेनहाइट असतं. उणे म्हटलं की उगाच जास्त गारठा वाटतो." आणि मग ठरलेलं वाक्य, कधी बाबांकडे बघून, कधी माझ्याकडे: "पण बरं झालं हं, शेवटी अमेरिकेत आलात." जणू आम्ही नऊ वर्षं फलाटावर बसून होतो आणि आता कुठे गाडी आली होती.

बर्फाचं सांगायला हवं. ब्रॅम्प्टनला आमच्या शेजारी ग्रेग नावाचा म्हातारा होता. आमच्या गल्लीचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. जो आधी उठेल, तो दोन्ही घरांपुढचा बर्फ काढायचा. आभार कुणी मानत नसे. बाबांना ते फार आवडायचं. ते फलटणजवळच्या गावातले, पाण्याच्या पाळ्या बघत वाढलेले. म्हणायचे, "हे बरंय. आमच्याकडे बांधावरून चुलत्यांशी तीन पिढ्या बोलणं नाही आणि इथे परका माणूस आपलं अंगण झाडतो." नोव्हायला पहिला बर्फ पडला तेव्हा बाबा आणि मी उठलो, आमचा ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपुढची गाडीची वाट, साफ केला आणि विचारही न करता पलीकडचा केला. मध्ये हातभर गवताची पट्टी होती, तिच्यावरून नुसतं पाऊल टाकायचं. नीलाकाकू गाऊनवर दारात आल्या. "अय्या, किती गोड! कॅनडातली माणसं खरंच नाइस असतात बाई." सुधीरकाका मात्र हसत हसत म्हणाले, "थँक्यू हां, पण इथे जपून यार. एकदा हात लावला की जबाबदारी तुमची." आम्हाला तो विनोद वाटला. दोन हिवाळे आम्ही त्यांचा बर्फ काढला. त्यांनी बर्फ काढणाऱ्या माणसाला बोलावणं बंद केलं.

ह्या काळात आईने आपला सव्वाआठचा प्रश्न सोडवला होता. रविवारी सकाळी आमच्या बैठकीत मराठीचा वर्ग. सुरुवातीला चार मुलं, मग अकरा. तिने स्वतः चित्रं काढून बाराखडीचे तक्ते केले, ते भिंतीला लावले. मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि आई ऐकूच न आल्यासारखं करायची, ती मराठीत येईपर्यंत. दारात अकरा जोड बूट. वर्ग सुटला की सगळ्यांना गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. शनिवारी संध्याकाळपासून घरात भाजणीचा वास असायचा आणि आई गुणगुणत असायची. आज मी हे मराठीत लिहू शकते ते त्या वर्गामुळे. मी मागच्या रांगेत मदतनीस म्हणून बसायचे आणि मुलांआधी स्वतः शिकायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, नीलाकाकू संध्याकाळी स्वतःच्या दाराच्या वाटेवर घसरल्या. टपाल आणायला बाहेर आल्या होत्या, पायात घरातल्या सपाता. मनगट मोडलं. त्या दिवशी पहाटे ती वाट आईने साफ केली होती, कारण मला परीक्षा होती. ओरडणं ऐकून आई धावली, त्यांना उठवलं, आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, दवाखान्यात सोबत गेली. मी मागे राहिले आणि ती जागा बघितली. त्यांच्या छपराची पन्हळ सांध्यात उचकटली होती. दुपारी उन्हाने छपरावरचा बर्फ वितळायचा, थेंब बरोबर वाटेवर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याची काच व्हायची. वाट कितीही साफ करा, काच नव्याने होणारच. मी हे बाबांना दाखवलं. बाबा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खरंय. पण आपण सांगायला गेलो की आपण आळ घेतला असं होईल. बरी होऊ दे तिला."

आठवड्याने पोस्टमन आला, सही मागायला. पाच पावलांवरच्या घरातून रजिस्टर पोस्टाने पत्र आलं होतं. टाइप केलेलं, इंग्रजीत, खाली दोघांच्या सह्या. आमच्या निष्काळजीपणामुळे दुखापत झाली असून त्यांनी विमा कंपनीला कळवलं आहे. ह्यापुढे आम्ही बर्फ काढण्यासाठी किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी त्यांच्या हद्दीत पाऊल टाकू नये. आणि आमच्या घरी लहान मुलांचा वर्ग भरणं सुरक्षित नाही, हे त्यांनी पालकांच्या कानावर घातलं आहे. आईने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "मी तिची वेणी घातली परवा," एवढंच म्हणाली. बाबांचा परवाना दर वर्षी नवा करावा लागायचा, पुलावर, त्या अधिकाऱ्यांसमोर. कोर्टकचेरी हा शब्द निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आता मला कळतं की ह्याची मुळं कुठे होती. ब्रॅम्प्टनला हात मोडला की विचारतात, दुखतंय का. इथे विचारतात, पडलात कुठे. तिकडे दवाखान्याचं बिल घरी येत नाही, त्यामुळे दोष कुणाचा हे शोधायची कुणाला घाई नसते. इथे ते येतं आणि त्याला कुणाचं तरी नाव लागतं. हे मी आज समजून सांगू शकते. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि समजून घ्यायचं वय ते नव्हे. माफ तर मी आजही केलेलं नाही.

दोन रविवारांत वर्ग रिकामा झाला. फोन यायचे, सगळे गोड. "वुई लव्ह यू, शैलावहिनी, पण यू नो, इन्शुरन्सचं..." नीलाकाकूंनी महाराष्ट्र मंडळात सांगितलं होतं, की मी पडल्या पडल्या शैला स्वतःच सॉरी सॉरी म्हणत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं ना! आणि मग, की वर्ग आता त्यांच्या तळघरात भरेल, तिथे जागाही मोठी आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी उद्‌घाटन, त्याला जोडून हळदीकुंकू. सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. अंगणाला अंगण लागून असलेल्या घराला गेलं नाही. आई शुक्रवारी तिळाच्या वड्या थापत होती, दर वर्षीएवढ्याच. मी म्हटलं, "एवढ्या कुणासाठी?" ती म्हणाली, "हाताला एवढंच माप ठाऊक आहे." मग लाटणं खाली ठेवून माझ्याकडे वळली. "केतकी, एक ऐक. त्यांच्या ड्राइव्हवेला तू हात लावायचा नाहीस. काही झालं तरी." मी म्हटलं, "नाही लावणार." आणि मी शब्द पाळला. इतका काटेकोर मी आयुष्यात दुसरा कुठलाही पाळलेला नाही.

शनिवारी दुपारी बर्फ सुरू झाला. रविवारी सकाळी मोजला तेव्हा नऊ इंच होता. मी सहाला उठले. गॅरेजमधून सुतळी घेतली, गॅरेजच्या कोपऱ्याला एक टोक बांधलं, दुसरं पत्रपेटीच्या खांबाला, बरोबर आमच्या हद्दीवर. आणि त्या सुतळीला धरून बर्फ कापत गेले, वडी कापावी तसा. डावीकडे आमचं अंगण लांब होतं, उजवीकडे त्यांचं दोन पावलांवर. प्रत्येक फावडं मी डावीकडे, आमच्या अंगणात नेऊन टाकलं. एक कणही त्यांच्या बाजूला पडू दिला नाही. फुटपाथसुद्धा सुतळीपाशी थांबवला. आमच्या बाजूला काळं डांबर, वर बर्फ वितळवायचं मीठ, कोरडं खटखटीत. पलीकडे नऊ इंचांची पांढरी भिंत, सरळ, ओळंब्यात. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. सुतळी बघितली, भिंत बघितली.

"बांध घातलास की काय?"

"हो."

बाबांनी एक घोट घेतला. "कोरू नकोस मात्र. एक इंचही नाही."

"नाही कोरत."

ते आत गेले आणि मिठाची दुसरी गोणी आणून माझ्यापाशी ठेवली.

अकरा वाजता सुधीरकाका बाहेर आले. पत्रानंतर त्यांनी बर्फ उडवायचं मशीन घेतलं होतं, लाल, मोठं. त्याची दोरी ओढायला लागले. घर्र, घर्र, फुस्स. घर्र, फुस्स. अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं. मी आमच्या पायरीवर बसून बुटांतला बर्फ झाडत होते. बारा वाजेपर्यंत त्यांनी मशीनला शिव्या घातल्या, मग मालपुवा उलटायचा असावा अशा लहानशा फावड्याने हाताने सुरुवात केली. दोनला बायका यायला लागल्या तेव्हा त्यांनी जेमतेम एका गाडीची जागा केली होती, आणि त्यात त्यांचीच गाडी उभी होती.

पहिल्या आल्या विजयामावशी. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, दोन्ही गुडघे बदललेल्या, आणि मंडळात शेवटचा शब्द त्यांचा. गाडी रस्त्यात थांबवून काच खाली केली. "अगं केतकी, आम्ही उभं कुठे राहायचं?"

"आमच्याकडे या की, मावशी. जागा आहे."

त्या आमच्या ड्राइव्हवेत आल्या. मागून दुसरी गाडी, तिसरी. जिथे डांबर दिसतं तिथे माणूस गाडी लावतो, ह्यात माझा काय दोष? पैठण्या, नारायणपेठा, वर जाड कोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. आठ-दहा जणी आमच्या कोरड्या डांबरावर उभ्या राहून पलीकडच्या भिंतीकडे बघत होत्या. "या, या, मी वाट करतोय!" म्हणत सुधीरकाका दाराच्या वाटेवरून लगबगीने आले आणि सगळ्यांच्या देखत, त्याच जागी, दोन्ही पाय वर करून पडले. लागलं नाही. बर्फात बसकण मारून ते नुसते इकडेतिकडे बघत राहिले. कुणीतरी खुदकन हसलं. ती मी होते.

"इथेच पडली ना नीला?" विजयामावशी म्हणाल्या. "शैलाने बर्फ काढला म्हणून?"

हे वाक्य मी तीन आठवडे तोंडात धरून बसले होते. "मावशी, त्या जागेला आमचं फावडं तीन आठवडे लागलेलं नाही. तशी सक्त ताकीद आहे, रजिस्टर पोस्टाने. तुम्ही जरा वर बघा. पन्हळ."

सगळ्यांनी वर बघितलं. उचकटलेल्या सांध्यातून हातभर लांब बर्फाचा सुळा लोंबत होता आणि टोकावरून टपटप चालू होती. विजयामावशींनी पदर सावरला. "मी काही हा हिमालय चढणार नाही. शैला आहे ना घरात? मला पाणी हवंय." आणि त्या आमच्या दाराकडे वळल्या. त्या वळल्या म्हटल्यावर सगळ्या वळल्या.

आई जुन्या सलवार-कमीजमध्ये, हाताला भाजणी लागलेली, दारात आली आणि थबकली. बायका एकीमागून एक बूट काढत होत्या. आमच्या दारात पुन्हा बुटांची रांग लागली. आईने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हात लावलेला नाही." मग ती आत गेली, हात धुतले, हळदीकुंकवाची कुयरी आणि वड्यांचा डबा घेऊन आली. डबा पुरला. विजयामावशी भिंतीवरचे तक्ते बघत होत्या. "शाळा का बंद केलीस गं?" आई म्हणाली, "मी नाही केली." एवढंच. बैठकीतल्या चार-पाच पालक बायकांनी आपापल्या हातातल्या वडीकडे बघितलं.

फोन वाजला. मी उचलला, तर नीलाकाकू. "माझ्या बायका तुमच्याकडे आल्यात का?" आईने फोन घेतला. "आल्यात. बसल्यात. तूही ये." दहा मिनिटांनी त्या आल्या, रस्त्यावरून वळसा घालून, पैठणीचा काठ चिखलाने भिजलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. दार उघडून एक पाऊल आत टाकलं. आई म्हणाली, "बूट बाहेर, नीला."

लेसचे बूट होते, घोट्यापर्यंत. डाव्या हाताने त्या गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. लेस ओढल्याचा आवाज खोलीभर येत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वाकले नाही. मला वाटलं, आई वाकेल, तिला राहवणार नाही. आई कुयरी हातात धरून उभी राहिली. तीही वाकली नाही. ही बाई मला नवीन होती, आणि मला ती फार आवडली. दुसरा बूट निघाला तेव्हा आईने त्यांना हळदीकुंकू लावलं, डाव्या हातावर वडी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिळगूळ घे. गोड बोल."

निघताना विजयामावशींनी जाहीर केलं, "रविवारपासून मुलं इथेच येतील." मुलं आली. विम्याच्या दाव्याचं पुढे काही झालं नाही. त्याच महिन्यात सुधीरकाकांनी पन्हळ बदलून घेतली, नवी कोरी, आणि त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी चकार शब्द काढला नाही.

पण ती नंतरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला सुट्टी होती आणि रात्रीतून आणखी दोन इंच पडला होता. मी आमचं आवरत होते तेव्हा सुधीरकाका सुतळीच्या पलीकडे येऊन उभे राहिले. दाढी न केलेली, कमरेवर हात. "केतकी, बेटा, ते मशीन काही चालत नाहीये. आमचंही जरा... आधीसारखं..."

"काका, तुमच्या हद्दीत पाऊल टाकायची मला परवानगी नाही. पत्र आहे."

"अगं, ते काकूने रागाच्या भरात..."

"खाली सही तुमचीही आहे."

ते परत गेले. मी गॅरेजमध्ये गेले. ड्राइव्हवेची कड कळावी म्हणून बर्फात रोवतात त्या नारिंगी काठ्या तिथे पडल्या होत्या, सात. सुतळीच्या रेषेवर त्या एकेक करून रोवल्या. जमीन गोठलेली, त्यामुळे कलत होत्या. मग मी स्वयंपाकघरातून कळशी भरून आणली, प्रत्येकीच्या बुडाशी पाणी ओतलं आणि ते गोठेपर्यंत काठी सरळ धरून उभी राहिले.